विंडसरचा वृद्ध राजा आणि त्याची मुले

२५ ऑक्टोबर १८०९ रोजी इंग्लंडात गावोगावी उत्सव झाला. राजा तिसरा जॉर्ज ह्याच्या कारकिर्दीचे पन्नासावे वर्ष त्या दिवशी सुरू होत होते. ठिकठिकाणी प्रार्थना झाल्या, कर्जापायी तुरुंगात पडलेल्या अनेकांना सोडण्यात आले, आणि विंडसर येथे अख्खा बैल भाजून लोकांना जेवण घालण्यात आले. राजा त्या वेळी ७१ वर्षांचा होता. त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती; परंतु साधी राहणी आणि शेतीची आवड ह्यांमुळे तो सामान्य प्रजेला आपलासा वाटत असे. ह्या उत्सवाला एक वर्ष होते न होते तोच त्याच राजाची बुद्धी ढळली. त्यानंतर नऊ वर्षांहून अधिक काळ तो जगला. पण पूर्ण शुद्धीवर तो पुन्हा आला नाही.

घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या बुद्धीला भ्रम व्हावा, हा प्रसंग काही राजवाड्यापुरता नाही. तो कोणत्याही उंबरठ्याच्या आत येतो. परंतु सामान्य घरात अशा गोष्टी चार भिंतींत राहतात. शेजाऱ्याला कळू नयेत, सोयरिकीत आड येऊ नयेत, म्हणून त्या झाकल्या जातात. राजाच्या घरी झाकण्याची सोय नव्हती. वैद्यांच्या जबान्या पार्लमेंटपुढे झाल्या, दरबारी स्त्रीपुरुषांनी रोजनिशा लिहिल्या, मुलांनी एकमेकांना पत्रे पाठविली. आणि ह्या कागदपत्रांतून एका कुटुंबाची सारी परीक्षा आज उलगडून पाहता येते. अशा वेळी कोणत्याही घरात जे प्रश्न उभे राहतात तेच तेथेही होते. आजारी माणसाच्या वतीने निर्णय कोणी घ्यावा? त्याची शुश्रूषा कोणी करावी? आणि त्याला दिलेला शब्द, तो भ्रमिष्ट झाला म्हणून, मोडावा काय?

पहिला मोठा आघात १७८८ च्या शरद ऋतूत आला. राजा तेव्हा ५० वर्षांचा होता. जून महिन्यात त्याला पोटाची पीडा झाली. हवापालटासाठी तो चेल्टनहॅम येथे जाऊन आला. ऑक्टोबरात दुखणे पुन्हा उलटले, आणि ह्या खेपेस मनावर परिणाम दिसू लागला. त्याची झोप उडाली. तो घसा बसेपर्यंत तासन्‌तास एकसारखा बोलत राही. ५ नोव्हेंबर रोजी विंडसर येथे सारे कुटुंब जेवावयास बसले असता तो एकाएकी उठून युवराजाच्या अंगावर धावून गेला आणि त्याला भिंतीशी नेऊन दाबले, असे समकालीनांनी लिहून ठेवले आहे. राणी शार्लट भीतीने थरथरत आपल्या दालनात गेली. सत्तावीस वर्षांच्या संसारात जो पती तिच्यावाचून कधी राहिला नव्हता, त्याच्यापासून त्या रात्रीपासून तिला वेगळे ठेवण्यात आले.

वैद्यांनी राजाला क्यू येथील वाड्यात हलविण्याचे ठरविले. क्यू हे लंडनला जवळचे, तेथील बागही एकांताची. परंतु राजा विंडसर सोडावयास तयार होईना. तेव्हा राणी आणि मुली तेथे भेटतील, असे सांगून २९ नोव्हेंबर रोजी त्याला गाडीत बसविण्यात आले. राणी आणि मुली क्यूला खरोखरच पोचल्या होत्या. पण राजाला त्यांच्याकडे जाऊ दिले नाही. राणीच्या सेवेत असलेली प्रसिद्ध कादंबरीलेखिका फॅनी बर्नी हिने आपल्या रोजनिशीत ह्या स्थलांतराचे वर्णन केले आहे. तो उन्हाळी वाडा. हिवाळ्यात राहण्याची त्यात सोय नव्हती. कोणी कोणत्या खोलीत राहावयाचे हे युवराजाने दारांवर खडूने नावे लिहून ठरविले होते. दारेखिडक्यांच्या फटींतून थंडगार वारे येत, ते अडविण्यासाठी वाळूच्या पिशव्या आणवाव्या लागल्या. घरातील कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला म्हणजे घराची जी दैना होते, तीच ह्या राजघराण्याची झाली.

राजाच्या वैद्यांची मती खुंटली, तेव्हा ५ डिसेंबर रोजी लिंकनशायरमधून फ्रान्सिस विलिस ह्याला बोलावण्यात आले. हा धर्मोपदेशक तर होताच, शिवाय भ्रमिष्टांसाठी एक आश्रयगृहही चालवीत असे, वय सत्तरीचे. रोग्याला धाकात ठेवले म्हणजे तो ताळ्यावर येतो, हा त्याचा सिद्धांत. राजाने सांगितलेले ऐकले नाही की, हात बांधून टाकणाऱ्या लांब बाह्यांच्या सदऱ्यात त्याला अडकवीत. पुढे एका खुर्चीला जखडून ठेवू लागले. त्या खुर्चीला राजाने 'राज्याभिषेकाची खुर्ची' असे नाव दिले होते. बुद्धी ढळलेल्या माणसालाही आपल्या अपमानाची जाणीव किती तीव्र असते, हे ह्या एका नावावरून ध्यानात येते.

तथापि विलिसला एक गोष्ट इतर वैद्यांहून अधिक कळत होती. रोग्याला काही विश्वास दाखवावा लागतो, हे तो जाणत होता. त्याने राजाला दाढीसाठी वस्तरा हातात घेऊ दिला, आणि त्याबद्दल पार्लमेंटात त्याच्यावर टीका झाली. राजाला बागेत फिरण्याची मोकळीकही मिळू लागली. २ फेब्रुवारी १७८९ रोजी क्यूच्या बागेत फॅनी बर्नी फिरत असता राजा तिला हाका मारीत मागे धावला. ती घाबरून पळत सुटली. अखेर थांबली, तेव्हा राजा तिच्याशी मोठ्या आपुलकीने बोलला. आजारी माणसाला माणसांची भूक लागलेली असते, आणि निरोगी माणसे मात्र त्याला पाहून पळतात!

इकडे लंडनमध्ये ह्या आजाराचे राजकारण झाले होते. युवराज २६ वर्षांचा, कर्जबाजारी आणि विरोधी पक्षाचा पुढारी फॉक्स ह्याचा मित्र. तो राजप्रतिनिधी, म्हणजे रीजंट, झाला असता तर मुख्य प्रधान पिट ह्याचे मंत्रिमंडळ जाऊन फॉक्सचे आले असते. फॉक्स म्हणे, युवराजाचा हा जन्मसिद्ध हक्क आहे. पिट म्हणे, तो हक्क देणे न देणे पार्लमेंटच्या हाती आहे. एरवी राजसत्तेला आवर घालू पाहणारा फॉक्स वारसाहक्काची बाजू मांडू लागला, आणि राजाचा प्रधान पार्लमेंटची. वैद्यांतही तट पडले. राजा लवकर बरा होईल असे म्हणणारा वैद्य सरकारपक्षाचा, आणि बरा होणार नाही असे म्हणणारा युवराजाचा, अशी लोकांची समजूत झाली. वडिलांच्या बडबडीची क्लबांतून नक्कल होते, अशाही वार्ता पसरल्या. राणी आणि थोरले मुलगे ह्यांच्यात वितुष्ट आले. पित्याच्या दुखण्यातून मालमत्तेचा वाद उपजावा आणि त्यात दुखणे बाजूस राहावे, हा अनुभव मराठी वाचकाला परका नाही.

फेब्रुवारी १७८९ मध्ये कॉमन्स सभेने राजप्रतिनिधीचे विधेयक संमत केले. ते लॉर्ड्स सभेपुढे असतानाच राजा शुद्धीवर आल्याची वार्ता आली. २३ एप्रिल रोजी सेंट पॉलच्या मंदिरात त्याने देवाचे आभार मानले आणि लंडनच्या रस्त्यांत लोकांनी जयघोष केला. विधेयक बारगळले. पण त्यातील एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी होती. राज्यकारभार मुलाकडे, आणि राजाच्या देहाची काळजी राणीकडे, अशी ती विभागणी होती.

पुढे १८०१ आणि १८०४ ह्या वर्षी दुखणे पुन्हा उद्भवले. १८०१ मध्ये विलिसच्या मुलांनी, जे बापाचाच व्यवसाय चालवीत होते, राजाला क्यू येथे पुन्हा अडकवून ठेवले. बरे वाटू लागल्यावरही सोडीनात, तेव्हा मे महिन्यात राजाने निक्षून सांगितले की, आपल्याला बायकामुलांकडे जाऊ दिले नाही तर आपण एकाही सरकारी कागदावर सही करणार नाही. ही मात्रा तत्काळ लागू पडली. विलिस घराण्याच्या हाती आपल्याला पुन्हा देऊ नये, असे त्याने आपल्या मुलांकडून कबूल करून घेतले होते. १८०४ मध्ये सरकारने विलिसबंधूंना बोलाविले. तेव्हा केंट आणि कंबरलंड ह्या दोन राजपुत्रांनी वडिलांना दिलेल्या शब्दाचा हवाला देऊन त्यांना आत येऊ दिले नाही. त्यांच्याऐवजी डॉक्टर सिमन्स हा वैद्य आला. त्यानेही बंधनाचा सदरा वापरलाच. तेव्हा उपचारांत फारसा फरक पडला असे नाही. पण शुद्धीवर असताना पित्याने जे मागितले, ते तो शुद्धीवर नसताना मुलांनी पाळले. १७८८ मध्ये दिलेले वचन मोडून राजाला गाडीत बसविले होते. सोळा वर्षांनी मुलांनी वचन पाळले. ह्या घराण्याने एवढे तरी शिकून घेतले होते.

राणीचे मन मात्र कायमचे भ्याले होते. १८०४ नंतर ती पतीबरोबर एकटी राहीना. तिची निजण्याची खोली वेगळी झाली. तिच्यावर निष्ठुरपणाचा आरोप करणारे होते. पण सोळा वर्षांत तीन वेळा जिने आपल्या घरातील सौम्य माणूस अनोळखी झालेला पाहिला, तिच्या भीतीला निष्ठुरता म्हणणे योग्य होणार नाही.

ह्यानंतर आला तो १८१० चा शेवटचा आघात. राजाची सर्वांत धाकटी आणि लाडकी मुलगी अमीलिया कित्येक महिने अंथरुणाला खिळली होती. अंध पिता रोज तिच्याजवळ जाऊन बसे, आणि वैद्यांना पुन्हा पुन्हा तिच्या प्रकृतीबद्दल विचारी. मरण जवळ आल्याचे उमजून तिने आपल्या केसांची बट बसविलेली एक अंगठी करवून घेतली आणि ती वडिलांच्या बोटात घातली. २ नोव्हेंबर १८१० रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, ती वारली. राजाची बुद्धी त्याच दिवसांत ढळली. ती जिवंत आहे, हानोव्हरमध्ये सुखाने नांदते आहे, असे तो पुढे सांगू लागला.

ह्या वेळी मात्र सारे निराळ्या रीतीने घडले. ५ फेब्रुवारी १८११ रोजी राजप्रतिनिधीचा कायदा झाला आणि दुसऱ्या दिवशी युवराजाने शपथ घेतली. वीस वर्षांपूर्वीचा मसुदाच आता उपयोगी पडला. कारभार युवराजाकडे गेला. राजाच्या देहाची काळजी राणीकडे आली. तिच्या साहाय्याला दोन्ही आर्चबिशप आणि इतर मान्यवर ह्यांचे एक मंडळ नेमण्यात आले, आणि राजाच्या प्रकृतीचा वृत्तांत त्या मंडळाला द्यावा असे ठरले. त्याची खाजगी मालमत्ता विश्वस्तांकडे गेली. पहिल्या वर्षी युवराजाच्या अधिकारांवर मर्यादा घातल्या होत्या. राजा बरा झाला तर त्याला आपले राज्य ओळखीचे वाटावे, हा त्यातील हेतू होता. ज्याला वारसा मिळावयाचा, त्याच्याच हाती रोग्याचा देह देऊ नये, हे शहाणपण ह्या कायद्यात होते.

युवराजाने ह्या वेळी आणखी एक गोष्ट केली. फॉक्स १८०६ मध्येच वारला होता. पण त्याच्या पक्षाचे लोक सत्तेची वाट पाहत बसले होते. युवराजाने वडिलांचा मुख्य प्रधान पर्सिव्हल ह्यालाच कायम ठेवले. आपल्या एखाद्या कृतीने वडिलांच्या बरे होण्यात अडथळा येऊ नये, असे कारण त्याने पर्सिव्हलला लिहिलेल्या पत्रात दिले. त्यात राजकारणाचा हिशेबही होताच. तथापि १७८८ मध्ये वडिलांचा प्रधान घालविण्यास उतावीळ झालेला हाच मुलगा आता ४८ वर्षांचा झाला होता, आणि शुद्धीवर येणाऱ्या पित्याला काय वाटेल, हा विचार निदान त्याच्या लेखणीवर आला होता, हे विसरता येत नाही.

अशा कायद्याचे मोल केवढे, हे त्याच वर्षी माळव्यात घडलेल्या एका घटनेवरून कळते. यशवंतराव होळकर काही वृद्ध नव्हता. पण १८०८ च्या सुमारास त्याच्याही चित्ताला भ्रम झाला. सर जॉन माल्कमने लिहून ठेवल्याप्रमाणे ह्या पराक्रमी सरदाराला दोरांनी बांधून ठेवावे लागले. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुरा येथे तो वारला. तेथे त्याची छत्री आहे. गादीवर लहानगा मल्हारराव आणि कारभार तुळसाबाईच्या हाती, अशी व्यवस्था झाली. पण त्या व्यवस्थेला ना कायद्याचा आधार, ना सर्वांची संमती. फौजेतील सरदार, कारभारी आणि वाड्यातील माणसे ह्यांच्या ओढाताणीत दौलत खिळखिळी झाली. २० डिसेंबर १८१७ रोजी तुळसाबाईचा वध झाला, आणि दुसऱ्याच दिवशी महिदपूरच्या रणांगणावर इंग्रजांनी होळकरांच्या फौजेचा मोड केला. पेशवाई त्याच लढाईच्या धुमाळीत बुडाली. विजय मिळविणाऱ्या इंग्रजांचा राजाही त्या वेळी विंडसरमध्ये भ्रमिष्ट होऊन बसला होता. एका ठिकाणी राजाच्या आजाराने राज्य हलले नाही. दुसऱ्या ठिकाणी राज्यच कोसळण्याच्या वाटेला लागले. ह्याला इतर कारणेही पुष्कळ होती, पण हेही एक होते.

कायदा चोख होता. परंतु त्या कायद्याच्या आत जो माणूस होता, त्याचे काय झाले? १८११ च्या वसंत ऋतूत त्याला थोडे बरे वाटले. विंडसरच्या गच्चीवर तो मुलींबरोबर फिरू लागला, घोड्यावरही बसला. जुलैत दुखणे विकोपाला गेले. मृत्यू जवळ आला असे वाटले, पण तो वाचला. त्यानंतर किल्ल्याच्या उत्तरेकडील काही दालनांत त्याचे आयुष्य कोंडले गेले. रोग्याचे मन प्रक्षुब्ध होऊ नये म्हणून त्याला आप्तांपासून दूर ठेवावे, हा वैद्यांचा आग्रह. भेटी विरळ होत गेल्या. ज्यांच्या हाती पुन्हा देऊ नका असे त्याने विनविले होते, ते विलिस घराण्यातील वैद्यही परत आले. मुलांनी १८०४ मध्ये पाळलेला शब्द आता पाळला गेला नाही. दरमहा एक पत्रक निघे: राजाची प्रकृती ठीक आहे, परंतु विकार कायम आहे. तो पांढरी दाढी वाढलेल्या अवस्थेत दालनांतून फिरे, मेलेल्या माणसांशी बोले, आणि हार्पसिकॉर्ड ह्या वाद्यावर आपल्या आवडत्या हँडेलची गीते वाजवी. पुढे कानही गेले.

शुश्रूषेचा भार ज्या स्त्रियांवर पडला, त्यांची कहाणी इतिहासात क्वचितच सांगितली जाते. अविवाहित राहिलेल्या मुली ऑगस्टा, एलिझाबेथ, मेरी आणि सोफिया ह्यांचे तारुण्य विंडसरच्या भिंतींत गेले. १८१२ मध्ये त्यांना स्वतंत्र नेमणुका मिळाल्या आणि अधूनमधून लंडनला जाण्याची इच्छा त्यांनी आईपुढे मांडली. राणी संतापली. वडिलांची ही अवस्था असताना मुलींनी समाजात मिरवावे, हे तिला सहन होईना. आपल्या पत्रांतून मुलींनी थोरल्या भावाचा आधार मागितला, आणि त्याने तो दिला. मेरीचा विवाह ४० व्या वर्षी झाला, एलिझाबेथचा ४७ व्या वर्षी. पित्यावर त्यांचे प्रेम होते ह्यात शंका नाही. पण आपले आयुष्यही आपल्याला हवे असे वाटणे हा प्रेमाचा अभाव नव्हे. राणीला हे उमगले नाही, कारण तिने स्वतःला तशी मोकळीक कधी दिलीच नव्हती. १७ नोव्हेंबर १८१८ रोजी ती क्यू येथे वारली. सत्तावन्न वर्षांची सोबतीण गेल्याचे पतीला कधी समजले नाही.

ह्या सर्व काळात लंडनच्या रंगभूमीवर शेक्सपिअरचे 'किंग लिअर' झाले नाही. आपली बुद्धी गमावून वादळात भटकणारा म्हातारा राजा रंगमंचावर दाखविणे कोणालाच प्रशस्त वाटले नाही. मराठी रंगभूमीने तोच वृद्ध पिता पुढे १९७० मध्ये कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट' ह्या नाटकात पाहिला. दोन्ही नाटकांत दोष मुलांच्या माथी आहे. विंडसरची हकीकत अधिक अवघड आहे, कारण तेथे एकच कोणी दोषी सापडत नाही.

राजाला झाले होते तरी काय? १९६६ मध्ये आयडा मॅकाल्पाइन आणि रिचर्ड हंटर ह्या मायलेकांनी, दोघेही मनोविकारतज्ज्ञ, असे प्रतिपादन केले की हा पॉर्फिरिया नावाचा रक्तातील दोषाचा आनुवंशिक विकार असावा. पुष्कळ वर्षे हे मत रूढ होते. अलीकडील अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. हा मूळचाच मनोविकार होता आणि अखेरच्या वर्षांत वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाची त्यात भर पडली, असे त्यांपैकी अनेकांना वाटते. निदान काहीही असो. खुर्चीला बांधल्याने तो विकार बरा होण्याजोगा नव्हता, एवढे निश्चित. दयेने वागण्याचा मार्गही त्याच काळात सापडत होता. विल्यम ट्यूक ह्याने १७९६ मध्ये यॉर्क येथे उघडलेल्या 'रिट्रीट' ह्या गृहात साखळदंड टाळून, काम, संभाषण आणि सौजन्य ह्यांच्या आधारे भ्रमिष्टांना सांभाळीत. १८१५ मध्ये पार्लमेंटच्या समितीने देशातील वेड्यांच्या गृहांची चौकशी सुरू केली. राजाच्या दुखण्यामुळे ह्या विषयाकडे देशाचे लक्ष आधीच वळले होते. परंतु ज्या राजामुळे ते वळले, त्याच्या दालनापर्यंत यॉर्कचे वारे पोचले नाही.

राणीच्या मृत्यूनंतर राजाची काळजी दुसरा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क, ह्याच्याकडे आली. वडिलांना सांभाळण्याबद्दल त्याला वर्षाला १०,००० पौंड देण्याचे ठरले, आणि बापाच्या सेवेचे मोल घेणाऱ्या मुलावर पार्लमेंटात टीकेची झोड उठली. १८१९ च्या अखेरीस तो वडिलांना पाहावयास गेला, तेव्हा म्हातारा वाद्य वाजवीत खणखणीत आवाजात गात होता. त्याच नाताळात राजा दोन दिवसांहून अधिक काळ अखंड बोलत राहिला. २९ जानेवारी १८२० रोजी, ८१ व्या वर्षी, त्याचे प्राण गेले.

ह्या कुटुंबाने पुष्कळ काही सांभाळले. राज्य सांभाळले, मालमत्ता सांभाळली, अधिकाराच्या मर्यादा सांभाळल्या. आणि पहिल्या आघातातील चुका दुसऱ्या वेळी शक्य तितक्या टाळल्या. अशी व्यवस्था लागते. तिच्यावाचून घरे फुटतात आणि दौलती बुडतात. पण व्यवस्था लावून झाली की आपले कर्तव्य संपले असे मानण्याचा मोह होतो. क्यूच्या बागेत ओळखीच्या एका बाईमागे धावणारा राजा आणि विंडसरमध्ये मेलेल्यांशी बोलणारा राजा एकच गोष्ट मागत होता. त्याला कोणीतरी बोलावयास हवे होते. त्याच्या पंधरा मुलांपैकी तेरा मोठी झाली, आणि तो गेला त्या वेळी त्यांतील बहुतेक हयात होती.